माँटेसरीबाई

आपल्या मंडळाच्या बालवाडीत मुलाचे नाव घालायला येणाऱ्या आया बहुधा दारातूनच विचारतात, की तुमची माँटेसरी किती वाजता भरते. दवाखाना, गिरणी, वाचनालय, तशीच माँटेसरी! ही पाटी आपल्या गल्लीबोळांतून इतकी दिसते, की हे कोणा एका बाईंचे आडनाव आहे हे आपण साफ विसरून गेलो आहो. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा, ज्यांच्या नावावर आपण रोज सकाळी मुले जमवतो त्या बाईंचेच चरित्र सांगावे असे मनात आले. चरित्र म्हटले म्हणजे जन्म, शिक्षण, मानसन्मान ही यादी आलीच. ती मी देणार आहे. पण ह्या चरित्रात एक मूलही आहे, आणि ते पुष्कळ वर्षे जगापासून लपवून ठेवलेले आहे. त्याला वगळून बाईंची गोष्ट मला पुरी वाटत नाही.

मारिया माँटेसरी ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाले ह्या लहानशा गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला. शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे गृहस्थ. आई रेनिल्दे मात्र वाचनाची नादी. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. १८७५ मध्ये हे कुटुंब रोमला राहायला आले. त्या काळी तिकडेही शिकलेल्या मुलीने फार तर मास्तरीण व्हावे, असाच विचार होता. मारियाला नेमके तेच व्हायचे नव्हते! तेराव्या वर्षी तिने तांत्रिक शाळेत नाव घातले, कारण तिला इंजिनीअर व्हायचे होते. पुढे मन वैद्यकाकडे वळले. वडिलांना हे मुळीच रुचले नाही. आई मात्र पाठीशी उभी राहिली.

रोमच्या विद्यापीठात मुलगी डॉक्टरी शिकायला आली, ह्याचा विद्यार्थ्यांनी तिला पुष्कळ जाच केला. पुरुषांच्या सोबत उघड्या शवाचे विच्छेदन करणे मुलीला शोभत नाही, म्हणून सगळे घरी गेल्यावर संध्याकाळी ती एकटीच त्या खोलीत काम करी. तो वास असह्य होई, म्हणून तिने विडी ओढायला सुरुवात केली असे सांगतात. १० जुलै १८९६ रोजी ती डॉक्टर झाली. इटलीची पहिली स्त्री डॉक्टर असे तिच्याविषयी सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. तिच्याआधी काही थोड्या स्त्रिया तेथे डॉक्टर झालेल्या होत्या. आणि आपण मराठी बायकांनी हेही ध्यानात ठेवायला हरकत नाही, की आपल्या आनंदीबाई जोशी त्याच्या दहा वर्षे आधी, १८८६ मध्ये, अमेरिकेतून ती पदवी मिळवून बसल्या होत्या.

त्याच वर्षी बर्लिनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे इटलीच्या वतीने ही सव्वीस वर्षांची डॉक्टरीण बोलायला उभी राहिली. कामकरी बाईला पुरुषाच्या बरोबरीने मजुरी मिळाली पाहिजे, हा तिच्या भाषणाचा विषय. वर्तमानपत्रांनी भाषणापेक्षा तिच्या रूपाचे आणि पोशाखाचेच वर्णन अधिक केले. तिला त्याचा इतका राग आला, की यापुढे आपला फोटो छापू द्यायचा नाही असे तिने घरी कळवले. रुसलेले वडील मात्र एव्हाना विरघळले होते. मुलीविषयी छापून आलेली कात्रणे ते जपून वहीत चिकटवून ठेवू लागले होते.

विद्यापीठाच्या मनोविकारांच्या दवाखान्यात काम करताना डॉ. माँटेसरींना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मोठ्या वेड्या माणसांच्या बरोबरीने लहान मुलेही कोंडलेली असत. ती वेडी नव्हती. कोणाची बुद्धी मंद, कोणाला बोलता येत नसे, कोणाला कोणीच नव्हते. शाळेने त्यांना घेतले नाही आणि घराने ठेवले नाही. असे सांगतात, की एका इस्पितळातील दाई तक्रार करीत होती, ही मुले इतकी घाणेरडी की जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचीत बसतात. डॉक्टरीणबाईंनी त्या खोलीकडे नीट पाहिले. चार भिंती आणि बाके. हातात धरायला, चाचपायला, उलटसुलट करून पाहायला तेथे दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांना तुकडे खायचे नव्हते, त्यांच्या हातांना काम हवे होते.

एवढ्या एका निरीक्षणातून पुढचे सगळे निघाले असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्यामागे मोठा अभ्यास होता. इतार आणि सेगँ ह्या दोन फ्रेंच वैद्यांनी अशाच मुलांवर पूर्वी काम केले होते. त्यांचे ग्रंथ बाईंनी शब्दन् शब्द समजावा म्हणून स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. १९०० मध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी रोमला एक संस्था निघाली, आणि बाई तिच्या दोन चालकांपैकी एक झाल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत त्या मुलांमध्ये असत. ठोकळे, दोऱ्या, मणी, लाकडात कोरलेली अक्षरे अशी साधने त्या करवून घेत आणि मुले काय करतात ते टिपून ठेवीत. त्यांतली काही मुले लिहायवाचायला शिकली आणि साध्या शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. सगळीकडे वाहवा झाली. बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. ज्यांना जगाने टाकाऊ ठरवले ती मुले जर इथवर येतात, तर चांगल्या धडधाकट मुलांना शाळेत असे काय होते, की तीही तेवढीच राहतात?

आता त्या मुलाची हकीगत. संस्थेचे दुसरे चालक डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो हे बाईंचे दवाखान्यातील सहकारी. दोघांचा स्नेह जडला होता, आणि ३१ मार्च १८९८ रोजी बाईंना मुलगा झाला. लग्न झालेले नव्हते. लग्न केले असते तर त्या काळच्या रीतीप्रमाणे बाईंना काम सोडून घरी बसावे लागले असते, आणि न करता मूल उघड केले असते तर कोणी दारात उभे केले नसते. बाळाचे नाव मारिओ ठेवले आणि त्याला रोमबाहेर खेड्यात एका कुटुंबाकडे वाढायला दिले. दोघांनी दुसऱ्या कोणाशी लग्न करायचे नाही असे ठरवले होते म्हणतात. १९०१ मध्ये मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केले. बाईंनी ती संस्था सोडली आणि पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवले. अधूनमधून त्या खेड्यावर जात. मुलाला एवढेच माहीत, की शहरातून एक चांगल्या कपड्यांतल्या बाई येतात, थोडा वेळ बसतात आणि जातात.

ह्याबद्दल बाईंना नावे ठेवणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. जगाच्या मुलांना शिकवायला निघालेल्या बाईने स्वतःचे मूल दुसऱ्याच्या ओसरीवर वाढवले, असे म्हणायला जीभ लवकर वळते. मोंतेसानोंना मात्र हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची वस्ती होती. बांधकामाच्या तेजीत तेथे मोठमोठ्या इमारती उठल्या. तेजी ओसरली, पैसे बुडाले आणि अर्धवट इमारतींत मिळेल त्या गरीब माणसाने बिऱ्हाड थाटले. आपल्या चाळींचे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि त्यातून पाणी, उजेड व संडास वजा करा. पुढे एका कंपनीने ह्या इमारती घेऊन दुरुस्त केल्या आणि कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, मोठी मुले शाळेत, आणि तीन ते सहा वर्षांची पोरे जिन्यांवर मोकाट. ती नव्या रंगवलेल्या भिंती खराब करीत. तेव्हा भिंतींच्या दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा ह्या पोरांना एका खोलीत कोणीतरी सांभाळावे, असा व्यवहारी हिशेब कंपनीच्या चालकांनी केला आणि त्यासाठी डॉ. माँटेसरींना बोलावले. जगभर गाजलेल्या पद्धतीचा उगम असा भिंतींच्या काळजीतून आहे! बाईंना मात्र हवी होती ती संधी मिळाली. ६ जानेवारी १९०७ रोजी, ख्रिस्ती लोकांच्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ‘बालकांचे घर’ उघडले. पन्नासेक मुले, रडकी, बुजरी, मळकी. त्यांच्यावर देखरेखीला इमारतीच्या रखवालदाराची मुलगी नेमली होती. तिला शिकवण्याचे कसलेही शिक्षण नव्हते, आणि बाईंना ते बरेच वाटले, कारण तिला काही विसरायला लावण्याचे कारण नव्हते.

बाईंनी काय केले ह्यापेक्षा काय केले नाही हे अधिक सांगण्यासारखे आहे. त्यांनी धडे दिले नाहीत. इस्पितळातल्या मुलांसाठी केलेली साधने त्यांनी तेथे ठेवली आणि बाजूला बसून पाहात राहिल्या. एक तीन वर्षांची मुलगी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. लाकडी ठोकळ्यातल्या लहानमोठ्या भोकांत लहानमोठे दट्टे बरोबर बसवायचे, एवढेच ते काम. बसवले की पुन्हा काढायचे, पुन्हा बसवायचे. बाई मोजू लागल्या. मुलीचे चित्त किती लागले आहे ते पाहावे म्हणून त्यांनी बाकीच्या मुलांना गाणे म्हणत फिरायला सांगितले. मुलीने मान वर केली नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले. तिने दट्टे मांडीवर सावरून धरले आणि पुन्हा कामाला लागली. चाळिसांहून अधिक वेळा तिने ते केले, आणि मग कोणी सांगितले नसताना थांबली, झोपेतून उठावे तशी हसऱ्या तोंडाने इकडेतिकडे पाहू लागली. तीन वर्षांच्या मुलाचे लक्ष क्षणभर टिकत नाही, असे तोवर सगळे विद्वान सांगत आले होते.

साधने कुलपाच्या कपाटात असत. एके दिवशी कपाट उघडे राहिले, आणि शिक्षिका उशिरा आली तो मुले आपापली साधने काढून कामाला बसलेली. तिला ती चोरी वाटली. बाईंना वाटले, मुलांना आपले काम निवडता येते. त्यांनी उंच कपाटाच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी कपाटे करवली. मेज-खुर्च्याही मुलांना स्वतः उचलता येतील एवढ्या हलक्या. सुखवस्तू बायांनी सुंदर बाहुल्या आणि खेळणी भेट पाठवली होती. मुलांनी ती एकदा पाहिली आणि पुन्हा हातात घेतली नाहीत. शाबासकी म्हणून दिलेली मिठाई खिशात तशीच राही.

मला सर्वांत आवडते ती रुमालाची गोष्ट. एकदा बाईंनी मुलांना नाक कसे पुसावे ते दाखवले. आवाज न करता, रुमाल नीट धरून, कोणाच्या लक्षात न येता. मुले टक लावून पाहात होती. दाखवून झाले तशी सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि बाई निघाल्या तेव्हा त्यांचे आभार मानत ती फाटकापर्यंत मागे मागे धावत गेली. बाईंना आधी उमगेना. मग ध्यानात आले, की शेंबडा म्हणून ह्या मुलांना उठता बसता हिणवलेले होते, पण पुसावे कसे हे कोणी शांतपणे दाखवलेच नव्हते. आपल्यापैकी किती जणींनी दाखवले आहे?

अक्षरांचे म्हणाल तर आधी लिहिणे आणि मग वाचणे, असा उलटा क्रम तेथे आपोआप आला. सुतार लाकूड घासायला घेतात तसल्या खरखरीत कागदाची अक्षरे कापून बाईंनी गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली होती. मुले त्यांवरून बोट फिरवीत आणि त्यांचा उच्चार करीत. एका हिवाळ्याच्या दिवशी गच्चीवर ऊन पडले होते. बाईंनी एका पाच वर्षांच्या मुलाच्या हाती खडू देऊन समोरचे धुराडे काढायला सांगितले. त्याने फरशीवर ते काढले. बाईंनी कौतुक केले, तसा तो क्षणभर त्यांच्याकडे पाहात राहिला, आणि एकदम लिहिता येते, लिहिता येते असे ओरडत फरशीवर शब्दामागून शब्द लिहीत सुटला. बाकीची मुले धावत आली आणि तीही लिहू लागली. मग काही दिवस घरांच्या दारांवर, जमिनीवर, पावाच्या कडांवरसुद्धा लिखाण! ह्या मुलांचे कितीतरी आईबाप निरक्षर होते.

एकदा अर्जेंटिना देशाचे वकील आगाऊ न कळवता शाळा पाहायला आले. नेमका सुटीचा दिवस. अंगणात खेळणाऱ्या मुलांनी ते ऐकले. किल्ली रखवालदाराकडे होती. दार उघडले, मुले आत शिरली, आपापले काम काढून बसली. शिक्षिका नाही, बाई नाहीत, आणि शाळा चालू. पाहुणे थक्क झाले.

येथे एक कबुली देते. मंडळाच्या बालवाडीत माझी पाळी असते त्या दिवशी एक चारेक वर्षांची मुलगी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती. निम्मे खाली. मी पटकन तांब्या तिच्या हातून घेतला, पेला भरून दिला आणि जमीन पुसून काढली. वर तिला शहाणी म्हटले. ती पाणी न पिताच निघून गेली. तहान लागलीच नव्हती तिला! पुढे माँटेसरीबाईंविषयी वाचताना ती मुलगी मला राहून राहून आठवली. मुलाला जे स्वतः करता येण्याजोगे आहे त्यात मोठ्यांनी केलेली अकारण मदत ही त्याच्या वाढीतली आडकाठी होय, हे बाईंनी आयुष्यभर सांगितले. ऐकायला सोपे आहे. पाणी सांडत असताना हात मागे बांधून उभे राहून पाहा.

पुढची कीर्ती थोडक्यात सांगते. १९०९ मध्ये बाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि युरोप-अमेरिकेतून शिक्षिकांची रीघ लागली. १९०८ च्या अखेरीस मेस्सिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तेथील अनाथ मुलांना रोमच्या एका मठात आणले, तीही बाईंच्या पद्धतीखाली आली. घाबरून मुकी झालेली ती मुले हळूहळू खाऊपिऊ, हसूखेळू लागली. अमेरिकेत १९१३ च्या डिसेंबरात बाईंचे मोठे स्वागत झाले, आणि १९१५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा एक वर्ग मांडून लोकांना तो बाहेरून दाखवला गेला. थोड्याच वर्षांत अमेरिकेतला हा भर ओसरला. ह्याला बाईंचा हट्टी स्वभावही थोडा कारण झाला. शिक्षिका तयार कराव्यात तर त्या आपणच, साधनांत काडीचाही बदल होता कामा नये, असा त्यांचा आग्रह असे. मुलांना मोकळीक देणाऱ्या बाई मोठ्यांना ती सहज देत नसत.

१९१२ च्या डिसेंबरात आई रेनिल्दे वारल्या. त्यानंतर दोनतीन महिन्यांतच बाईंनी मारिओला घरी आणले. तो पंधरा वर्षांचा होत आला होता. मारिओने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या दिवशी त्या भेटायला आल्या तेव्हा तूच माझी आई हे मला ठाऊक आहे असे त्यानेच म्हटले, आणि तो त्यांच्या गाडीत जाऊन बसला. त्याने आईचे आडनाव घेतले. जगाला मात्र तो भाचा म्हणून, नाहीतर दत्तक म्हणून सांगितला जाई. तेथून पुढे बाईंचे व्याख्यान, प्रवास, पत्रव्यवहार, सगळे त्याच्या हातून होऊ लागले.

बाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट मला झाकून ठेवता येत नाही. १९२४ पासून काही वर्षे त्यांनी मुसोलिनीच्या सरकारचा आश्रय घेतला. शाळांना पैसा मिळत होता, संस्था वाढत होती, आणि बाईंनी त्या पैशामागचा माणूस पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले. सरकारला हवे होते मान खाली घालून कवायत करणारे नागरिक. बाईंच्या शाळेतली मुले तर आपले काम आपण निवडणारी. हे फार दिवस जमणे शक्यच नव्हते. १९३४ मध्ये संबंध तुटले, इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने त्या आधीच मोडीत काढल्या होत्या. बाई स्पेनला होत्या, तेथे १९३६ मध्ये यादवी पेटली. तेथून इंग्लंड, मग हॉलंड. साठी उलटल्यावर ही बाई बोचके उचलून देशोदेशी फिरत होती.

अशा वेळी मद्रासहून बोलावणे आले. थिऑसॉफिकल सोसायटीचे डॉ. अरुंडेल आणि रुक्मिणीदेवी ह्यांनी त्यांना अड्यारला शिक्षकांचा वर्ग घेण्यासाठी बोलावले. १९३९ च्या नोव्हेंबरात बाई आणि मारिओ आले. वय एकोणसत्तर. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवांत देशभरातून आलेले तीनशेच्या आसपास शिक्षक जमले. बाई इटालियनमधून बोलत आणि मारिओ वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत जाई.

त्या येण्याआधी पाच महिने, १९३९ च्या जूनमध्ये, भावनगरचे गिजुभाई बधेका निवर्तले होते. हे वकील गृहस्थ. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसरींचे पुस्तक हाती पडले आणि वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. गिजुभाईंची आणि बाईंची ह्या देशात भेट व्हायची ती राहूनच गेली.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे मायलेक शत्रूराष्ट्राचे झाले. मारिओला धरून आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत नजरकैदेत पाठवले. बाईंना वय पाहून अड्यारच्या आवारातच राहण्याची सक्ती झाली. पंधरा वर्षे दुरावलेला आणि मग सत्तावीस वर्षे क्षणभर न विसंबलेला मुलगा असा पुन्हा दूर गेला. बाईंना इंग्रजी येत नव्हते, म्हणजे त्यांची वाणीच नेल्यासारखी झाली. ३१ ऑगस्टला त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्याकडून तार आली, की सत्तराव्या वाढदिवसाला आपणांस काय भेट द्यावी ह्याचा विचार केला आणि आपला मुलगा परत पाठवावा हेच ठरवले. मारिओ सुटून आला. भाचा नव्हे, दत्तक नव्हे. तारेत चक्क मुलगा म्हटले होते. बेचाळीस वर्षे जे उघड म्हणता आले नव्हते ते एका परक्या सरकारच्या तारेने म्हणून टाकले.

दोन वर्षांचा बेत करून न आलेल्या बाई युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, आणि १९४७ ते १९४९ च्या दरम्यान पुन्हा आल्या. मद्रास, कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणी वर्ग घेऊन त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. रोमला त्यांनी तीन वर्षांपुढची मुले पाहिली होती. येथे त्यांचे लक्ष तान्ह्या मुलांकडे अधिक गेले. बाळ आईच्या कडेवर बसून बाजारात, पाण्यावर, शेजारणीकडे, सगळीकडे जाते. पाहते, ऐकते, आणि कोणी न शिकवता भाषा आपलीशी करते, ह्याचे त्यांना फार मोल वाटे. अहमदाबादच्या व्याख्यानांवरून त्यांचा बालमनावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ मध्ये निघाला. आपण ज्याला कडेवर घेऊन फिरणे म्हणतो त्यालाही त्या शिक्षणच म्हणत होत्या.

बाईंच्या साधनांचा संच महाग, तो गरिबाच्या पोराला कोठून मिळणार, हा प्रश्न आपल्याकडे ताराबाईंनी सोडवला. १९४५ मध्ये त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. मोजायला चिंचोके, लावायला शंखशिंपले, रंगांना पानेफुले. बाईंच्या हट्टी आग्रहात हे बसले असते की नाही, मला सांगता येत नाही. पण सान लोरेन्झोच्या चाळीतली मुले आणि कोसबादच्या पाड्यावरची मुले एकमेकांना लगेच ओळखतील, असे मला वाटते. आणि आज ज्या शाळांच्या पाटीवर माँटेसरी हे नाव मोठ्या अक्षरांत असते, त्यांची फी पाहता ती दोन्हीकडची मुले फाटकाबाहेरच राहतील.

१९४९, १९५० आणि १९५१ अशी तीन वर्षे बाईंचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. ते मिळाले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी इटलीने हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. युरो आला आणि ती नोटही गेली.

१९५२ च्या मे महिन्यात बाई हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या नोर्डविक गावी एका स्नेह्यांच्या घरी उतरल्या होत्या. ६ मे रोजी बागेकडे तोंड करून बसल्या असता मारिओशी बोलणे चालले होते. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचे घाना, येथून शिक्षक तयार करण्यासाठी बोलावणे होते. वय एक्क्याऐंशी. एवढा प्रवास आणि तो उकाडा झेपणार नाही, दुसऱ्या कोणी जावे, असे मारिओचे म्हणणे. आपला आता उपयोग उरला नाही का, असे बाईंनी त्याला विचारले म्हणतात. मारिओ नकाशा आणायला म्हणून खोलीबाहेर गेला. परत आला तेव्हा त्या गेल्या होत्या.

त्यांना त्याच गावी पुरले. मृत्युपत्र उघडले, तेव्हा आपल्या मागे सर्व काही मारिओचे, असे त्यात लिहिलेले होते, आणि त्याच्या नावापुढे नाते लिहिले होते मुलगा.